घरावर लाल खूण पडल्यावर: बेळगावातल्या रुंदीकरणाच्या नोटिशीला उत्तर कसं द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहराच्या जुन्या भागातल्या गल्लीत आजोबांच्या वेळचं कौलारू घर आहे आणि पुढच्या खोल्यांवर नंतर टाकलेला स्लॅब. महिन्यापूर्वी मोजणीची माणसं आली आणि दारापासून नऊ फूट आत भिंतीवर लाल खूण मारून गेली. परवा कन्नडमधून कागद आला. सात दिवसांत बांधकाम काढून घ्या, असं त्यात असल्याचं शेजाऱ्यांनी वाचून सांगितलं. विचारणारे म्हणतात, घरपट्टी भरलेली आहे, उतारा वडिलांच्या नावावर आहे, मग हे अतिक्रमण कसं? समोरच्या ओळीला हात लावलेला नाही, मग आम्ही मराठी म्हणून आमच्यावर हे आलं का? आणि आता कोर्टात जायचं, नगरसेवकाला गाठायचं, की सही करून मिळेल ते घ्यायचं?

यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत: जागा कोणाची, नोटीस कोणत्या कायद्याखाली, आणि भाषेचा अन्याय. तिन्ही खऱ्या आहेत, पण तिन्हींची कार्यालयं वेगळी आणि मुदती वेगळ्या. बेळगावात सर्वांत जास्त नुकसान कशाने होत असेल तर या तिन्हींचं एकच निवेदन करून डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, देण्याने. निवेदनावर शिक्का मिळतो, पेपरात फोटो येतो, आणि नोटिशीला मुदतीत उत्तर गेलंच नाही म्हणून फाईल पुढे सरकते. म्हणून आधी कागदाचं, मग भाषेचं, आणि शेवटी भिंतीचं, या क्रमाने लिहितो. तुमचा कागद मी पाहिलेला नाही, तेव्हा काही ठिकाणी ‘असं असेल तर’ म्हणावं लागेल.

कागद हातात घेतल्यावर पहिलं काम, त्यावरचा कायदा आणि कलम शोधणं. कन्नड येत नसलं तरी आकडे वाचता येतात, आणि काही शब्द कानाने ओळखून ठेवले की पुरतं. ‘ओत्तुवरी’ म्हणजे अतिक्रमण. ‘अनधिकृत कट्टड’ म्हणजे विनापरवाना बांधकाम. ‘रस्ते अगलीकरण’ म्हणजे रुंदीकरण. ‘भूस्वाधीन’ म्हणजे भूसंपादन. ‘तेरवु’ म्हणजे काढून टाकणे, ‘आक्षेपणे’ म्हणजे हरकत, ‘कारण केळुव नोटीस’ म्हणजे कारणे दाखवा नोटीस, ‘तात्कालिक आदेश’ म्हणजे तात्पुरता आदेश, आणि ‘दिनगळ ओळगे’ म्हणजे इतक्या दिवसांच्या आत. यातला कोणता शब्द तुमच्या कागदावर आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ चं कलम ३२१ लिहिलेलं असेल, तर कॉर्पोरेशनचं म्हणणं असं की तुम्ही परवान्याविना किंवा परवान्याबाहेर बांधलंत. या कलमाला तीन पायऱ्या आहेत. आधी तात्पुरता आदेश, त्यासोबत कारणे दाखवा नोटीस, आणि तुमचं म्हणणं ऐकल्यावर तो आदेश कायम करणं. तिसरी पायरी झाल्याशिवाय पाडता येत नाही, आणि कायम झालेल्या आदेशाविरुद्ध कर्नाटक अपील न्यायाधिकरणाकडे अपील आहे. कलम २८८-डी लिहिलेलं असेल तर प्रकरण वेगळं. ते सार्वजनिक रस्त्यावरच्या अतिक्रमणाचं कलम आहे आणि त्यात आयुक्तांना नोटिशीविना अडथळा काढण्याचा अधिकार आहे. कोणतंच कलम नसेल, नुसतंच ‘रस्ता रुंदीकरणासाठी’ असेल, तर तुमची बाजू बहुधा सर्वांत भक्कम आहे, कारण रुंदीकरण हे कामाचं नाव झालं. एवढ्यावर कोणाची मालकी काढून घेण्याचा अधिकार येत नाही.

आता सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल. दोन्ही नोव्हेंबर २०२४ चे आहेत आणि लोक त्यांची सतत गल्लत करतात.

१३ नोव्हेंबरचा निकाल म्हणजे ‘बुलडोझर’ प्रकरणाचा. त्यात नोटीस रजिस्टर पोस्टाने पोचवून शिवाय घरावर चिकटवायची, मिळाल्यापासून किमान १५ दिवस द्यायचे, नेमका भंग कोणता ते लिहायचं, प्रत्यक्ष सुनावणी घ्यायची, आणि पाडण्याशिवाय दुसरा उपाय का नाही याची कारणं आदेशात द्यायची असं बंधन आहे. अंतिम आदेशानंतरही १५ दिवस थांबायचं. नोटीस मागच्या तारखेने दाखवता येऊ नये म्हणून ती काढल्याबरोबर जिल्हाधिकाऱ्यांना ईमेलने कळवायची आहे. पाडकामाचं चित्रीकरण करायचं आहे, आणि हे मोडलं तर अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागू शकते. पण याच निकालात अपवाद आहे: रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाईन, नदी किंवा पाणवठा यांवरची बांधकामं आणि कोर्टानेच पाडायला सांगितलेली बांधकामं यांना हे संरक्षण लागू नाही. त्यामुळे १५ दिवस न देता कामाला लागायचं असेल तर तुमची भिंत ‘रस्त्यावर आहे’ असं म्हणणं कार्यालयाला सोयीचं पडतं. सगळं भांडण मग एकाच मुद्द्यावर येऊन टेकतं: रस्ता कुठे संपतो?

त्याचं उत्तर दुसऱ्या निकालात आहे. तो एक आठवडा आधीचा, ६ नोव्हेंबरचा. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजमध्ये २०१९ साली रुंदीकरणासाठी एक घर नुसती दवंडी देऊन पाडलं होतं. कोर्टाने २५ लाखांची अंतरिम भरपाई द्यायला लावली आणि सगळ्या राज्यांसाठी रुंदीकरणाची पद्धत घालून दिली. आधी सरकारी नोंदी आणि नकाशावरून रस्त्याची मूळ रुंदी काढा. मग मोजणी करून अतिक्रमण आहे की नाही ते ठरवा. असेल तर लेखी नोटीस द्या. हरकत आली तर कारणांसह आदेश करून ती निकाली काढा. हरकत फेटाळली तर वाजवी मुदत द्या. आणि मूळ रस्ता व लगतची सरकारी जागा रुंदीकरणाला पुरत नसेल, तर आधी भूसंपादन करा. बेळगावच्या गल्लीतल्या माणसाला पाठ करून ठेवावा असा हा निकाल आहे, आणि त्याची प्रत उत्तराला जोडल्याशिवाय उत्तर देऊ नये.

यावरून तुमच्या नऊ फुटांचा हिशेब करून दाखवतो. आकडे नमुन्याचे आहेत. सिटी सर्व्हेच्या नकाशात तुमच्यासमोर रस्ता भिंत ते भिंत २४ फूट आहे. आज प्रत्यक्षात २२ फूट भरतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक फूट पुढे आलंय असं धरू. मास्टर प्लॅनमध्ये, ज्याला आपल्याकडे सीडीपी रोड म्हणतात, रुंदी ४० फूट दाखवली आहे. मध्यापासून २० फूट लागणार. नोंदीप्रमाणे मध्यापासून १२ फुटांपर्यंत रस्ता आहेच. मग तुमच्या नऊ फुटांपैकी एक फूट अतिक्रमण आणि आठ फूट तुमच्या मालकीची जागा. त्या एका फुटावर नोटीस बरोबर आहे आणि त्यासाठी भांडून उपयोग नाही. आठ फुटांवर मात्र संपादन केल्याशिवाय किंवा तुमच्या संमतीविना कोणाला हात लावता येत नाही. नोटिशीत सगळे नऊ फूट ‘ओत्तुवरी’ म्हणून टाकलेले असतात. एका शब्दाने आठ फुटांची भरपाई बुडते, आणि घाबरलेला माणूस ती बुडू देतो.

समोरच्या बाजूला हात का लावला नाही, याचं उत्तरही बऱ्याचदा याच मोजणीत सापडतं. मध्यरेषा नोंदीवरच्या रस्त्याची धरली की आजच्या रस्त्याची, ते विचारा. समोरची ओळ दोन फूट पुढे आलेली असेल आणि तुमची जागेवर असेल, तर आजच्या रस्त्याचा मध्य एक फूट तुमच्या अंगावर सरकतो. म्हणजे अतिक्रमण समोरच्यांचं, आणि जास्तीचा एक फूट तुमचा जातो. कधी सर्वेअर गटाराच्या कडेपासून टेप लावतो, कधी विजेच्या खांबापासून. मध्यरेषेचा नकाशा चेनेजसह, म्हणजे रस्त्याच्या लांबीवरच्या मापांसह, मागा, आणि दोन्ही बाजूंच्या प्रत्येक मिळकतीचं किती जातं त्याची यादी मागा. ती यादी हातात येईपर्यंत ‘मुद्दाम आम्हालाच’ असं लिहू नका. यादीतून एकाच बाजूला, कारण न देता, जास्त कापल्याचं दिसलं तर तो समानतेचा मुद्दा आकड्यांनिशी मांडता येतो आणि कोर्ट तो ऐकतं. समोरच्याचं बेकायदा बांधकाम राहिलं म्हणून माझंही राहू द्या, हा युक्तिवाद मात्र चालत नाही.

पुरावा कसा उभा करायचा ते सांगतो, कारण इथे सीमाभागाची एक खास अडचण आहे. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्या काळातली सिटी सर्व्हेची सनद, खरेदीखतं, वाटणीपत्रं पुष्कळदा मराठीत आहेत, त्याआधीची काही मोडीत. आजच्या टेबलावरच्या माणसाला ती वाचता येत नाहीत, म्हणून तो ती बाजूला ठेवतो आणि कन्नड उताऱ्यावर जे आहे तेवढंच धरतो. पण जागेची मूळ लांबी-रुंदी आणि चतुःसीमा त्या जुन्या कागदांतच असतात. ‘पूर्वेस सरकारी रस्ता’ एवढं एक वाक्य आणि त्यापुढचं माप तुमचं घर वाचवू शकतं. मोडी कागद जाणकाराकडून बाळबोधीत लिहून घ्या, मग मराठीचं कन्नड आणि इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या. धारवाड खंडपीठात जावं लागलं तर इंग्रजी भाषांतर लागतंच, तेव्हा ते आधीच तयार असलेलं बरं. नावांचाही घोळ असतो. आजोबांचं नाव मराठीत एक, कन्नडमध्ये लिहिताना दुसरं, इंग्रजीत तिसरं. तिन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि वारसांची वंशावळ सोबत ठेवा.

याशिवाय सिटी सर्व्हे कार्यालयातून पीआर कार्ड (मिळकत पत्रिका) आणि सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हे, नकाशाची सहीशिक्क्याची नक्कल काढा, नुसती झेरॉक्स नको. सब-रजिस्ट्रारकडून ईसी, म्हणजे मिळकतीवरच्या व्यवहारांचा आणि बोजाचा दाखला, घ्या. बांधकाम परवाना असेल तर त्याचा मंजूर नकाशा. परवाना सापडत नसेल तर घराचं वय दाखवणारी कागदपत्रं: जुनी घरपट्टीची बुकं, विजेच्या जोडणीची तारीख, पाणीपट्टी. आणि स्वतःच्या खर्चाने हद्दबस्त (हद्द ठरवण्याच्या) मोजणीचा अर्ज भूमापन खात्यात टाका. सात दिवसांत मोजणी होणार नाही हे उघड आहे, पण अर्जाची पोच उत्तराला जोडली की ‘मोजणी प्रलंबित असताना पाडलं’ हा मुद्दा तयार होतो. खासगी सर्वेअरचा नकाशा जोडायला हरकत नाही, मात्र त्याला सरकारी मोजणीचं वजन नसतं.

घरपट्टीबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण पुष्कळ लोक तिच्यावर विसंबून राहतात. कर भरल्याने ताबा आणि काळ सिद्ध व्हायला मदत होते, मालकी किंवा परवाना सिद्ध होत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने शहरांमधल्या अनधिकृत मिळकतींना बी-खाता द्यायची मोहीम काढली, त्याचंही तसंच. बी-खाता म्हणजे कराच्या वहीत नोंद, बांधकाम त्याने नियमित होत नाही. नियमित करण्याची जी योजना होती, अक्रम-सक्रम, तिला सुप्रीम कोर्टाची जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती मिळाली. तेव्हा कोणी पैसे घेऊन ‘सक्रम करून देतो’ म्हणत असेल तर देऊ नका.

उत्तर कसं लिहायचं? दोन पानांत. पहिल्या परिच्छेदात नोटीस कधी आणि कशी मिळाली ते. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा, दारावर चिकटवलेली असेल तर तारखेसह फोटो काढा. मग मिळकतीचं वर्णन सीटीएस नंबरासह. मग तीन मागण्या: रस्त्याच्या मूळ रुंदीची नोंद द्या, माझ्या समक्ष संयुक्त मोजणी करा, सुनावणी देऊन कारणांसह आदेश करा. मग एक वाक्य: नोंदीप्रमाणे जेवढं अतिक्रमण सिद्ध होईल तेवढं मी स्वतः काढून घेईन, उरलेल्या जागेसाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे कारवाई करावी. हे वाक्य लोकांना कमीपणाचं वाटतं. पण कोर्टासमोर जाताना हीच तुमची ढाल असते, कारण त्यातून दिसतं की तुम्ही रस्त्याला आडवे नाही. उत्तर आवक विभागात देऊन पोच घ्या, शिवाय आयुक्तांच्या नावे रजिस्टर पोस्टाने पाठवा. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाकून फाईल पाहायला मागा. त्याला ३० दिवस लागू शकतात, म्हणून त्यावर अवलंबून राहू नका.

भाषेचं आता. निवेदन कोणत्या भाषेत द्यावं याला घटनेच्या ३५० व्या कलमात उत्तर आहे: संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. तेव्हा मराठीत दिलेला अर्ज ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून परत करता येत नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असं राज्याराज्यांनी मान्य केलेल्या संरक्षणांमध्ये आहे, आणि घटनेच्या ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त त्यासाठीच नेमलेले असतात. ही मागणी करा, जरूर करा. आपल्या घरावरचा कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, यात काही जास्तीचं मागणं नाही. फक्त ती स्वतंत्र अर्जात करा. आणि मराठी प्रत मिळेपर्यंत मुदत थांबते असं समजू नका, ती थांबत नाही. माझा सल्ला असा की मुख्य उत्तर कन्नडमध्ये लिहून घ्या, मराठी प्रत सोबत जोडा. ज्याने निर्णय घ्यायचा त्याला ते वाचता यावं, यात आपलाच फायदा आहे.

सही करा म्हणून येतील, तेव्हाचं सर्वांत जपून. संमतीपत्र, हक्कसोड किंवा ‘स्वखुशीने जागा देत आहे’ असा मजकूर असलेला कागद पुढे केला जातो, बहुतेक वेळा मोजणीच्या पंचनाम्याच्या नावाखाली. ज्यात माप, दर आणि मोबदला लिहिलेला नाही अशा कोणत्याही कागदावर सही नको. सही टाळता येत नसेल तर ‘भरपाईचा हक्क राखून, मजकूर वाचता न आल्याने हरकतीसह’ असं मराठीत हाताने लिहून मग करा.

मोबदल्याच्या दोन वाटा आहेत. एक रोख, २०१३ च्या कायद्याने. दर ठरवताना सब-रजिस्ट्रारची गाइडन्स व्हॅल्यू (नोंदणीसाठीचा सरकारी दर) आणि मागच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या व्यवहारांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी, यांतलं जे जास्त ते धरतात. म्हणून आपल्या भागातल्या अलीकडच्या खरेदीखतांच्या नकला स्वतः गोळा करा, कार्यालय करणार नाही. वरच्या उदाहरणात दर्शनी रुंदी २४ फूट असेल तर आठ फुटांचे १९२ चौरस फूट होतात. दर नुसता समजण्यापुरता ३,००० रुपये धरला तर जमिनीचे ५,७६,००० रुपये. पुढच्या खोल्यांच्या बांधकामाचं मूल्य दोन लाख निघालं तर एकूण ७,७६,०००. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे सगळे मिळून १५,५२,०००. शिवाय जमिनीच्या बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, म्हणजे ६९,१२० रुपये, पहिल्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत. पैसे कमी वाटले तर उचलताना ‘हरकतीसह’ लिहून उचला, आणि निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांच्या आत वाढीव भरपाईसाठी संदर्भ अर्ज द्या. ‘हरकतीसह’ न लिहिता पैसे उचललेल्या माणसाचा हा दरवाजा बंद होतो.

दुसरी वाट टीडीआरची, म्हणजे जागेच्या बदल्यात विकास हक्काचं प्रमाणपत्र. मोठा प्लॉट असलेल्याला किंवा मजले वाढवायचे असलेल्याला ते परवडतं. गल्लीतल्या दोन गुंठ्यांच्या आतल्या घरवाल्याला ते स्वतः वापरता येत नाही आणि बेळगावात विकत घेणारा सहज मिळत नाही. मी तरी अशा घराला रोख भरपाईच धरून बसायला सांगेन. आणि कोणतीही वाट धरली तरी एक गोष्ट लेखी मागा: पुढचा भाग गेल्यावर उरलेल्या जागेवर दुरुस्ती आणि पुनर्बांधणीला सेटबॅकची, म्हणजे रस्त्यापासून मोकळं सोडायच्या अंतराची, सवलत. ती नसेल तर आठ फूट रस्त्याला जातात, वर आणखी काही फूट मोकळे सोडा म्हणतात, आणि घरात एक खोली उरते.

संपादन न करता रस्ता करण्याचा शेवट काय होतो ते बेळगावने पाहिलं आहे. शहापूर भागात महात्मा फुले रोड ते जुना पी. बी. रोड हा रस्ता खासगी जागेतून संपादनाविना झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सुमारे २० कोटींच्या भरपाईचा बोजा महापालिकेवर आला, आणि २०२४ मध्ये जागा मालकाला परत करायची वेळ आली. हलगा-मच्छे बायपासवर शेतकऱ्यांनी झिरो पॉइंट, म्हणजे रस्त्याचा सुरुवातीचा बिंदू, कुठे आहे या एका तांत्रिक प्रश्नावर वर्षानुवर्षं काम अडवून धरलं. दोन्हीकडे ताकद होती ती नोंदींच्या बारकाव्यात.

कोर्टात कधी जायचं? उत्तर देऊन पोच घेतल्यावर, आणि उत्तराचा विचार न करता जेसीबी येणार अशी खात्रीलायक चिन्हं असतील तर लगेच. २०१३ पासून धारवाडला उच्च न्यायालयाचं कायम खंडपीठ आहे, बेळगाव जिल्हा त्याच्याकडे येतो. संपादनाविना मालकीची जागा घेतली जातेय हा मुद्दा रिट अर्जात थेट उच्च न्यायालयापुढे मांडता येतो. पण ‘ही भिंत रस्त्यात आहे की नाही’ हा वस्तुस्थितीचा वाद असेल तर उच्च न्यायालय दिवाणी कोर्टात किंवा अपिलात जा म्हणू शकतं. नकाशा आणि मोजणीचा अर्ज हातात असेल तर तसं होण्याची शक्यता कमी होते. अख्ख्या गल्लीने मिळून एकच अर्ज करण्याचा मोह होतो. खर्च वाचतो, पण ज्यांची दोन-चार प्रकरणं खरोखर अतिक्रमणाची आहेत त्यांच्यामुळे सगळ्यांचंच प्रकरण डागाळतं. मापं वेगळी असतील तर अर्ज वेगळे करा, वकील एकच ठेवा.

कॅम्प भागातलं घर असेल तर वरचं बरंचसं लागू नाही. तिथे कॅन्टोन्मेंट कायदा २००६ आहे आणि जमिनीचे हक्कच वेगळे. कंग्राळी, हिंडलग्यासारख्या पंचायत हद्दीत फॉर्म ९ आणि ११ चा, म्हणजे पंचायतीच्या मिळकत उताऱ्यांचा, प्रश्न येतो. गायरान किंवा सरकारी जागेवरचं घर असेल तर महसूल कायद्यातल्या ९४-सी किंवा शहराजवळ ९४-सीसीचा अर्ज केला होता का, त्याचं काय झालं, हे आधी पाहा.

आता भिंतीचं, कारण शेवटी एखादा फूट तरी काढावा लागेलच, आणि काढताना उरलेलं घर पडू नये. जेसीबीच्या बकेटने ओढलेली भिंत सरळ रेषेत तुटत नाही. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत हादरा मागच्या खोलीपर्यंत जातो आणि मधली लाकडी तुळई बैठकीतून सरकते. म्हणून जो भाग द्यायचा तो स्वतः माणसं लावून, वरून खाली, हाताने काढा, आणि तसं करण्यासाठी मुदत मागा. आधी कौलं उतरवा, मग वासे, मग भिंत. स्लॅब असेल तर त्याच्या मुख्य सळ्या कोणत्या दिशेने जातात ते इंजिनिअरकडून पाहून घ्या. एका बाजूच्या भिंतीवरून दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे रस्त्याला समांतर जात असतील तर पुढचा पट्टा कापला तरी मागचा स्लॅब टिकतो. रस्त्याकडून आत जात असतील तर पुढची भिंत हाच त्याचा आधार आहे. ती काढली की मागचाही स्लॅब खाली येतो. अशा वेळी नव्या रेषेवर आधी पाया खणून कॉलम आणि बीम घालायचं, काँक्रीट पक्कं होऊ द्यायचं, तोपर्यंत मीटरभर अंतरावर टेकू ठेवायचे, आणि मगच कापायचं. कापणी डायमंड कटरने करा, घणाने नको. या कामाला तीन-चार आठवडे लागतात. नोटिशीच्या उत्तरात इंजिनिअरचं पत्र जोडून ही मुदत मागितली तर ती नाकारायला कारण लागतं. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर दोघांचं काम एकाच वेळी ठरवा. हेस्कॉमचा विजेचा मीटर आणि पाण्याची जोडणी आधी मागे घ्या.

पाडायला माणसं आलीच, तर आदेशाची प्रत मागा, प्रभारी अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहून घ्या, सुरुवातीपासून व्हिडिओ काढा, पंचनाम्याची प्रत मागा, आणि वकिलाला तिथूनच फोन करा. गर्दी जमू देऊ नका. घोषणा सुरू झाल्या आणि धक्काबुक्की झाली की सरकारी कामात अडथळ्याची कलमं लागतात, त्याला सीमाप्रश्नाचा रंग येतो, आणि तुमच्या आठ फुटांचं प्रकरण त्या खटल्याखाली गाडलं जातं. आपल्या लोकांची प्रकरणं अशी वाया गेली की फार वाईट वाटतं, कारण कागदावर ती जिंकण्यासारखी असतात.

तुमच्या सात दिवसांतले दोन गेले आहेत. उद्या सकाळी सिटी सर्व्हेत नकलेचा अर्ज, दुपारी कन्नड लिहिणारा वकील, परवा आवक विभागात उत्तर. नोटिशीवरचं कलम, सीटीएस नकाशातली रस्त्याची रुंदी आणि लाल खुणेपर्यंतचं माप, ही तीन माहिती कळवलीत तर तुमच्या नऊ फुटांपैकी किती तुमचे ते नेमकं सांगता येईल.